श्रद्धा, संशय आणि प्रश्न : मराठी वैद्यकीय आत्मपर लेखनातील रुग्ण
(नांदेड-लातूर परिसरातील वाचकाच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :-

मराठी साहित्यात डॉक्टरांनी लिहिलेल्या आत्मपर लेखनाचा एक ठळक प्रवाह गेल्या काही दशकांत निर्माण झाला आहे. डॉ. अभय बंग यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग', डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे 'बॅरिस्टरचं कार्टं', डॉ. रवी बापट यांचे 'वॉर्ड नंबर पाच, केईएम', डॉ. अशोक कुकडे यांचे 'कथा एका ध्येयसाधनेची' ही या प्रवाहातील ठळक पुस्तके होत. त्यांच्याच शेजारी डॉ. अरुण गद्रे यांचे 'कैफियत प्रामाणिक डॉक्टरांची' हे वेगळ्या जातीचे पुस्तक ठेवावे लागते. या लेखनाला मोठा वाचकवर्ग लाभला. महाविद्यालयीन ग्रंथालयांतून ही पुस्तके मोठ्या आवडीने वाचली जातात. त्यांची चर्चा मात्र बहुधा प्रेरणा, त्याग, सेवाभाव अशा शब्दांपाशी थांबते. या लेखनात रुग्ण कोणत्या रूपात येतो, तो काही विचारतो काय आणि त्याच्या विचारण्याला लेखनात किती जागा मिळते, हा विचार समीक्षेत फारसा झालेला नाही.

प्रस्तुत लेखात हा विचार नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतील वाचक डोळ्यांसमोर ठेवून केला आहे. तसे करण्यास कारण आहे. मराठवाड्यातील ही दोन शहरे आज आसपासच्या अनेक तालुक्यांची उपचारकेंद्रे आहेत. नांदेडमधील 'डॉक्टर लेन' हे नावच पुरेसे बोलके आहे. लातूर तर 'लातूर पॅटर्न'मुळे भावी डॉक्टर घडविणारे शहर म्हणून सर्व महाराष्ट्राला परिचित आहे. म्हणजे डॉक्टर होऊ इच्छिणारा विद्यार्थी आणि डॉक्टरसमोर बसलेला गोंधळलेला रुग्ण हे दोघेही येथे एकाच रस्त्यावर, अनेकदा एकाच घरात भेटतात. या दोघांच्या हाती पडणारे मराठी पुस्तक त्यांना काय देते, हा केवळ साहित्यिक कुतूहलाचा विषय राहत नाही.

पार्श्वभूमी :-

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. मोठ्या आजारासाठी हैदराबाद गाठण्याची सवय तेव्हापासूनची असून देगलूर, उदगीर भागात ती आजही टिकून आहे. लातूरकडील रुग्ण सोलापूर व पुण्याकडे वळतो. १९५६ मध्ये औरंगाबाद येथे, सत्तरच्या दशकात अंबाजोगाई येथे, १९८८ मध्ये नांदेड येथे आणि २००२ मध्ये लातूर येथे शासकीय वैद्यकीय शिक्षणाची सोय झाली. त्यापूर्वी १९६६ मध्ये पुण्यात शिकलेल्या काही तरुण डॉक्टरांनी लातूर येथे विवेकानंद रुग्णालय सुरू केले. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेचा पहिला टप्पा राज्यातील ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाला त्यांत नांदेडचा समावेश होता. ही योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते.

संस्था वाढल्या, तज्ज्ञ वाढले, यंत्रे आली. परंतु रुग्णाचे मूळ प्रश्न बदलले नाहीत. स्थूलमानाने ते पाच आहेत. पहिला : कोणाला दाखवावे? दुसरा : झाले आहे तरी काय? तिसरा : सांगितलेली तपासणी किंवा शस्त्रक्रिया आवश्यकच आहे काय, आणि न केल्यास काय होईल? चौथा : खर्च किती येईल? पाचवा : आपले कागद आपल्याला मिळतील काय? हे पाच प्रश्न हीच प्रस्तुत विवेचनाची कसोटी आहे. आत्मकथन म्हणजे आरोग्यपुस्तिका नव्हे, तेव्हा त्याने या प्रश्नांची उत्तरे द्यावीत अशी अपेक्षा येथे नाही. हे प्रश्न विचारणारा माणूस त्या लेखनात उभा राहतो काय, एवढेच पाहावयाचे आहे.

पाटीवरची भाषा आणि लोकांची भाषा :-

पहिला प्रश्न वरवर साधा दिसतो, पण तोच सर्वांत अवघड आहे. लोकांनी आपल्या परीने तज्ज्ञांचे वर्गीकरण केलेले असते. हाडाचा डॉक्टर, लेकरांचा डॉक्टर, डोळ्याचा दवाखाना, बायांचा दवाखाना. हे वर्गीकरण अवयवाचे किंवा वयाचे आहे. दवाखान्याच्या पाटीवरचे वर्गीकरण पदव्यांचे आहे. एमबीबीएस ही आंतरवासितेसह साडेपाच वर्षांची मूलभूत पदवी. त्यानंतर तीन वर्षांची एमडी किंवा एमएस. त्यातही सामान्यतः एमएस ही शस्त्रक्रियेच्या शाखांची आणि एमडी ही इतर शाखांची. त्यापुढे आणखी तीन वर्षांची डीएम किंवा एमसीएच, म्हणजे एकाच अवयवसंस्थेतील अतिविशेष ज्ञान. बीएएमएस आणि बीएचएमएस या अनुक्रमे आयुर्वेद व होमिओपॅथीच्या पदव्या. एवढी साधी माहिती पदवीधर घरांतही अनेकदा नसते. परिणामी, छातीत दुखू लागलेला माणूस प्रथम 'गॅसेस'ची गोळी घेतो, मग मेडिकलवाल्याला विचारतो, मग ओळखीच्या दवाखान्यात सलाईन लावतो आणि शेवटी त्याला 'पुढे न्या' असे सांगितले जाते.

'पुढे न्या' हे दोन शब्द मराठवाड्यातील रुग्णसेवेच्या भाषेत फार महत्त्वाचे आहेत. पुढे म्हणजे कोठे, किती वेळात, कोणत्या तज्ज्ञाकडे आणि सोबत कोणती चिठ्ठी घेऊन, हे त्यांत नसते. सर्पदंशात, हृदयविकारात, अपुऱ्या दिवसांच्या बाळात याच तासांवर सर्व काही अवलंबून असते. या परिसरात सर्पदंशावरील उपचारासाठी मुखेडच्या डॉ. दिलीप पुंडे यांचे नाव सर्वदूर पोहोचले, याचे एक कारण असे की येथे 'कोठे न्यावे' या प्रश्नाला लोकांजवळ निश्चित उत्तर होते.

भूलतज्ज्ञाचे उदाहरणही विचारात घेण्यासारखे आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाचा श्वास, रक्तदाब आणि शुद्ध ज्याच्या हाती असते त्याचे नावसुद्धा बहुतेक रुग्णांना ठाऊक नसते. लोकांच्या वर्गीकरणात त्याला जागा नाही, आणि शल्यचिकित्सक हाच नायक असणाऱ्या कथनातही तो सहसा पडद्यामागे राहतो. समाजाचे अज्ञान आणि साहित्याची निवड येथे एकमेकांना पूरक ठरतात.

श्रद्धेचे कथन :-

'कथा एका ध्येयसाधनेची' हे पुस्तक लातूरच्या वाचकाला सर्वांत जवळचे आहे. पद्मभूषण (२०१९) डॉ. कुकडे यांनी विवेकानंद रुग्णालयाच्या उभारणीची ही हकिगत आतल्या माणसाच्या नात्याने सांगितली आहे. मोठ्या शहरात व्यवसायाची संधी असताना लातूरसारख्या तेव्हाच्या लहान गावी येऊन सामूहिक पद्धतीने रुग्णालय चालविणे हा त्या काळातील असामान्य निर्णय होता. या कथनाचा खरा नायक संस्था आहे, व्यक्ती नव्हे, ही त्याची मोठी जमेची बाजू होय. 'कोणाला दाखवावे' या प्रश्नाचे येथे मिळणारे उत्तर असे की डॉक्टरपेक्षा विश्वासार्ह व्यवस्था शोधावी. हे उत्तर मोलाचे आहे.

तथापि, संस्थेच्या कथेत रुग्णाला स्वाभाविकपणे लाभार्थीचे स्थान मिळते. ज्याच्यासाठी सर्व काही केले जाते तो केंद्रस्थानी असतो, पण कर्ता नसतो. त्याच्या कृतज्ञतेला कथनात जागा होते. त्याच्या शंकेला, अडचणीच्या प्रश्नाला तेवढी होत नाही. हा लेखकाचा दोष म्हणण्यापेक्षा या लेखनप्रकाराची मर्यादा म्हणावी लागेल.

'वॉर्ड नंबर पाच, केईएम' मध्ये रुग्ण अधिक जिवंत आहे. सार्वजनिक रुग्णालयातील गर्दी, शिक्षक-विद्यार्थी संबंध, सत्ताधाऱ्यांपासून फाटक्या माणसापर्यंत सर्वांचा वावर डॉ. बापट यांच्या गोष्टीवेल्हाळ शैलीत प्रत्ययाला येतो. १९२६ मध्ये सुरू झालेले मुंबईचे केईएम रुग्णालय आणि विष्णुपुरीचे रुग्णालय यांत अंतर पुष्कळ असले तरी वॉर्डातील फरशीवर बसलेला नातेवाईक दोन्हीकडे सारखाच आहे. मात्र येथे रुग्ण आठवणीत येतो, आणि आठवण सांगणाऱ्याची असते. रुग्णाने काय सोसले हे वाचकाला कळते. त्याने काय विचारले हे क्वचितच कळते.

डॉक्टर रुग्ण होतो तेव्हा :-

'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकाने मराठी वाचकाला एक नवी गोष्ट दिली. त्यात प्रश्न विचारणारा रुग्ण आहे, कारण डॉक्टर स्वतःच रुग्ण झालेला आहे. आपल्यालाच हा रोग का झाला, आहारात, श्रमात, ताणात, जगण्याच्या घाईत कोठे चुकले, याचा शोध डॉ. बंग यांनी विलक्षण प्रामाणिकपणे घेतला आहे. वर मांडलेल्या पाचांपैकी दुसरा प्रश्न येथे पूर्णत्वाने उभा राहतो आणि त्याचे उत्तर रुग्णाच्या स्वतःच्या हाती सोपविले जाते. अनेक घरांतील ताट या पुस्तकामुळे बदलले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पण या प्रश्नकर्त्याजवळ वैद्यकीय ज्ञान आहे. कोणाकडे जावे हे त्याला ठाऊक आहे. अहवाल त्याला वाचता येतो. कंधार किंवा अहमदपूर तालुक्यातील शेतमजुराला उच्च रक्तदाब निघतो तेव्हा त्याच्यापुढे पहिला आणि चौथा प्रश्न आ वासून उभे असतात. गोळी रोज घ्यावयाची की बरे वाटेपर्यंत, हेही त्याला कोणी सांगितलेले नसते. जीवनशैली निवडण्याचे स्वातंत्र्य ज्याला मर्यादित आहे त्याच्या वाट्याला या पुस्तकातून उत्तरापेक्षा अपराधभाव येण्याचा धोका संभवतो. अर्थात, ज्या लेखकाने गडचिरोलीत गावातील स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्याचे शिक्षण दिले आणि त्या प्रयोगातून नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मधून जगापुढे मांडले, त्याला गरिबाच्या प्रश्नाची जाण नाही असे कोणी म्हणणार नाही. मुद्दा असा की ती जाण त्यांच्या कार्यात जितकी आहे तितकी या विशिष्ट पुस्तकाच्या रचनेत उतरू शकलेली नाही.

'बॅरिस्टरचं कार्टं' येथे वेगळे ठरते. जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यात जन्मलेल्या, दारिद्र्यातून शिकलेल्या डॉ. बावस्करांचे हे कथन मराठवाड्यातील विद्यार्थ्याला आपले वाटते. मात्र त्याचे खरे महत्त्व यशोगाथेत नाही. कोकणात विंचूदंशाचे रुग्ण हृदय व फुप्फुसांवरील परिणामाने दगावत असता त्यांच्या उशाशी बसून, लक्षणांचा क्रम टिपून, 'प्राझोसिन' या मूळच्या रक्तदाबावरील औषधाचा उपयोग त्यांनी सिद्ध केला. त्यांची निरीक्षणे १९८२ पासून 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध होत गेली आणि मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या खाली आले. येथे प्रश्न विचारणारा डॉक्टर आहे आणि उत्तर देणारा रुग्ण आहे. घाम किती वेळाने आला, हातपाय केव्हा गार पडले, श्वास केव्हा लागला, हे ज्ञान रुग्णाकडून आले. रुग्ण हा ज्ञानाचा स्रोत असल्याची ही जाणीव मराठी आत्मपर लेखनात दुर्मीळ आहे.

संशयाचे कथन :-

श्रद्धेच्या कथनाला उत्तर म्हणून संशयाचे कथन आले. लासलगावसारख्या ठिकाणी दीर्घकाळ व्यवसाय केलेल्या डॉ. अरुण गद्रे यांनी देशातील ७८ डॉक्टरांच्या मुलाखतींतून वैद्यकीय व्यवसायातील कटप्रॅक्टिस, अनावश्यक तपासण्या व शस्त्रक्रिया यांचे चित्र उभे केले. स्वतः डॉ. बावस्कर यांनीही रुग्ण पाठविल्याबद्दल आलेला कमिशनचा धनादेश परत करून त्याविरुद्ध जाहीर तक्रार केली होती. 'कैफियत'चे सामर्थ्य असे की तिसरा प्रश्न, म्हणजे 'हे आवश्यकच आहे काय', त्यात आतल्या माणसांच्या तोंडून विचारला गेला. ज्या प्रश्नाचे धाडस रुग्णाला होत नाही ते डॉक्टरांनी केले.

परंतु साक्षीदार येथेही डॉक्टरच आहेत. वाचक पुस्तक मिटतो तेव्हा त्याच्याजवळ रास्त संशय असतो. त्या संशयाचे प्रश्नात रूपांतर कसे करावे याची भाषा त्याला अजून सापडावयाची असते. नुसता संशय रुग्णाला एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे फिरवीत राहतो. तो अनावर झाला की तोडफोडीपर्यंत जातो. रुग्णालयांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राला २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, ही बाब या संदर्भात पुरेशी बोलकी आहे. श्रद्धा रुग्णाला गप्प बसविते, संशय त्याला ओरडावयास लावतो. या दोहोंमध्ये शांतपणे विचारण्याची एक जागा आहे, आणि तीच रिकामी आहे.

नांदेड, २०२३ :-

ही रिकामी जागा किती महाग पडते याचे उदाहरण याच परिसरात घडले. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. राज्यभर खळबळ उडाली. एका लोकप्रतिनिधीने प्रभारी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करावयास लावले आणि त्यावरून गुन्हाही नोंदविला गेला. रुग्णालय प्रशासनाने औषधटंचाईचा आरोप नाकारून अनेक रुग्ण उशिरा आणि अत्यवस्थ स्थितीत दाखल झाल्याचे सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली आणि मनुष्यबळ, खाटा वा औषधे यांच्या कमतरतेची सबब शासनाला पुढे करता येणार नाही, अशी भूमिका घेतली.

या काळातील सार्वजनिक चर्चा पाहिली असता तीत संशय आणि बचाव हेच दोन स्वर प्रामुख्याने आढळतात. ज्या मातांची बालके गेली त्यांचे प्रश्न साधे होते. बाळ कोठून पाठविले गेले? पाठविताना किती तास गेले? त्याचे वजन किती होते? त्या कक्षात एका परिचारिकेकडे किती बाळे होती? या प्रश्नांत व्यवस्थेची संपूर्ण चिकित्सा सामावलेली होती. पण त्यांना ना मथळ्यांत मध्यवर्ती स्थान मिळाले, ना आपल्या साहित्यात. अधिष्ठात्यांचा अपमान वाचकाच्या स्मरणात राहिला. मातेचा प्रश्न राहिला नाही.

कायद्याने दिलेले प्रश्न :-

रुग्णाने प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नसून अधिकार आहे, हे कायद्याने केव्हाच मान्य केले आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. पूर्णतः विनामूल्य सेवा तेवढी वगळली. २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागणी केल्यास त्याची कागदपत्रे ७२ तासांत देणे बंधनकारक आहे. २००८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की तपासणीसाठी दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती ठरत नाही. उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय रुग्णाला सांगितलेच पाहिजेत. २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावणे आवश्यक झाले. म्हणजे तिसरा, चौथा आणि पाचवा प्रश्न आज भिंतीवर लिहिलेला आहे.

भिंतीवरचा प्रश्न ओठांवर येण्यासाठी मात्र भाषा आणि धैर्य लागते. 'साहेब, हे ऑपरेशन आठ दिवसांनी केलं तर चालंल का?' एवढे विचारतानाही येथील म्हातारा शेतकरी हात जोडतो. हे हात जोडणे आदराचे आहे की भीतीचे, हे ओळखण्याचे काम साहित्याचे आहे. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद यांचा अंतर्भाव झाला. लातूरच्या शिकवणी वर्गांतून बाहेर पडणारा विद्यार्थी जीवशास्त्राचे शेकडो प्रश्न अचूक सोडवितो. रुग्णाचा प्रश्न ऐकण्याचा सराव त्याला महाविद्यालयात गेल्यावरच होतो. त्याआधी त्याच्या हाती पडणारे मराठी पुस्तक हाच त्याचा पहिला पाठ असतो. या दृष्टीने आत्मपर लेखनाची जबाबदारी मोठी आहे.

निष्कर्ष :-

१) मराठीतील डॉक्टरांच्या आत्मपर लेखनात रुग्ण प्रामुख्याने लाभार्थी, आठवण किंवा पीडित या रूपांत येतो. प्रश्नकर्ता म्हणून तो अपवादानेच येतो.

२) 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' मध्ये प्रश्नकर्ता रुग्ण आढळतो, परंतु तो ज्ञानसंपन्न रुग्ण आहे. 'बॅरिस्टरचं कार्टं' मध्ये रुग्ण ज्ञानाचा स्रोत ठरतो. या दोन शक्यता पुढील लेखनाला दिशा देणाऱ्या आहेत.

३) श्रद्धेचे आणि संशयाचे अशी दोन्ही कथने डॉक्टरकेंद्रीच आहेत. दोन्हींत बोलण्याचा अधिकार डॉक्टरकडेच राहतो.

४) पदव्या, तज्ज्ञशाखा आणि 'पुढे पाठविणे' यांविषयीची स्पष्ट मराठी भाषा विकसित न झाल्यामुळे नांदेड-लातूर परिसरातील रुग्णाचा मोलाचा वेळ वाया जातो.

५) रुग्णाने वा त्याच्या नातेवाइकाने लिहिलेले कथन हे या लेखनप्रवाहाचे आवश्यक दुसरे अंग असून त्याकडे लेखक, प्रकाशक व समीक्षकांचे लक्ष जाणे गरजेचे आहे.

समारोप :-

दलित आत्मकथनांनी मराठी साहित्याला शिकविले की ज्याच्याविषयी बोलले जाते त्याने स्वतः बोलू लागल्यावर वास्तवाचे चित्रच बदलते. वैद्यकीय लेखनात हा बदल अद्याप व्हावयाचा आहे. डॉक्टरांनी लिहिलेली पुस्तके मोलाची आहेत आणि त्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु टेबलाच्या एकाच बाजूने लिहिलेला इतिहास अपुरा असतो. विष्णुपुरीच्या आवारात रात्रभर बसून राहिलेल्या आजीने तिथे काय पाहिले, तिने काय विचारले आणि तिला काय सांगण्यात आले, हे जेव्हा तिच्या भाषेत लिहिले जाईल, तेव्हा लातूरच्या भावी डॉक्टरला आपल्या रुग्णाचा प्रश्न प्रथमच ऐकू येईल.